मुंबई बघावी स्टेशन धरून: खाण्याफिरण्याचा सविस्तर बेत

मुंबईला चार दिवस येणारा पाहुणा सोबत यादी घेऊन येतो. गेटवे, सिद्धिविनायक, हाजीअली, राणीची बाग, मधेच दादरची मिसळ, संध्याकाळी मोहम्मद अली रोड आणि जमलं तर कान्हेरीची लेणी. यादीतलं एकही नाव चुकीचं नसतं, पण ती नकाशावर मांडली की एका दिवसात अख्खं शहर दोनदा ओलांडावं लागणार हे दिसतं. मग दिवसाचे पाच तास टॅक्सीत जातात, जेवण तीन वाजता होतं आणि घरी गेल्यावर मुंबई म्हणजे नुसतं ट्रॅफिक एवढंच आठवतं. या शहरावर माझं प्रेम आहे, म्हणून ते असं वाया गेलेलं मला बघवत नाही.

माझी पद्धत सोपी आहे. अर्धा दिवस म्हणजे एक स्टेशन. त्या स्टेशनवर उतरायचं, पायी फिरायचं, तिथलंच खायचं आणि मगच पुढची गाडी पकडायची. एका पदार्थासाठी शहर ओलांडायचं नाही, कारण मुंबईत प्रत्येक स्टेशनाबाहेर त्या वस्तीचं स्वतःचं खाणं आहे. माटुंग्याला इडली, दादरला थालीपीठ आणि बोंबील, मशीद बंदरला नळी निहारी. जिथे उतराल तिथलं खाल्लंत की तिथे कोण राहतं हेही आपोआप समजत जातं.

आधी रेल्वेचा नकाशा डोक्यात बसवा

मुंबई लांबीला प्रचंड आणि रुंदीला बेताची आहे. चर्चगेटहून बोरिवली साधारण ३४ किलोमीटर, विरार ६०. याच लांबीवर लोकलचे मार्ग पसरलेत. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली करत विरार आणि पुढे डहाणूपर्यंत जाते. मध्य रेल्वे सीएसएमटीहून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) भायखळा, दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण आणि पुढे कसारा किंवा कर्जत-खोपोलीकडे. हार्बर सीएसएमटीहून वडाळ्यामार्गे पनवेलला जाते, तिची एक फांदी गोरेगावला. पश्चिम आणि मध्य जिथे भेटतात ते दादर. हे एक स्टेशन नीट समजलं की अर्धं काम झालं. २०२३च्या डिसेंबरपासून दादरच्या फलाटांना सलग क्रमांक आहेत, १ ते ७ पश्चिमचे आणि ८ ते १४ मध्यचे. जुन्या आठवणीवर विसंबून धावत सुटू नका.

आडव्या प्रवासाला मेट्रो वापरा. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही पहिली लाइन २०१४ पासून आहे. त्याहून पाहुण्यांच्या कामाची म्हणजे भुयारी मेट्रो ३. आरे ते कफ परेड ही पूर्ण लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. विमानतळाची दोन्ही टर्मिनल, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), दादर, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट हे सगळं तिने एका दोरीत बांधलंय. वातानुकूलित आहे, पावसात आणि मे महिन्यात हिचा फार आधार वाटतो.

रिक्षाबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. मुंबईत रिक्षा पश्चिमेकडे वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेकडे शीवपर्यंतच चालतात. त्याच्या दक्षिणेला फक्त टॅक्सी आणि बेस्टची बस. दादरला उतरून रिक्षा शोधत उभे राहिलात तर उभेच राहाल.

मुक्काम आणि वेळ ठरवणं

बजेट मोठं असेल तर फोर्ट-कुलाबा उत्तम. नसेल तर दादर. दोन्ही मार्गांच्या गाड्या मिळतात, जेवणाची ददात नाही, पुण्या-नाशकाकडच्या बऱ्याच गाड्या इथे थांबतात. कुणा नातेवाइकाकडे डोंबिवलीला किंवा मीरा रोडला उतरणार असाल तर त्या घरच्या लोकांनाच विचारा की कुठली गाडी रिकामी येते. त्यांच्याइतकं अचूक उत्तर कुठलंही ॲप देणार नाही.

गर्दीला दिशा असते. सकाळी साधारण ८ ते ११ माणसं दक्षिणेकडे येतात, संध्याकाळी ५ ते ९ उत्तरेकडे परततात. तुम्ही उलटे चाला. सकाळी दादरहून बोरिवलीला जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते; त्याच वेळी बोरिवलीहून चर्चगेटची फास्ट गाडी पकडणं हे पाहुण्याचं काम नाही. म्हणून कान्हेरीचा बेत सकाळचा ठेवा, आणि दक्षिण मुंबईच्या दिवशी एकतर साडेसातच्या आत निघा नाहीतर अकरानंतर. परतीला घाई असेल तर रात्री नऊनंतर.

डब्यात शिरल्यावर दारात अडून राहू नका. आपलं स्टेशन यायच्या आधी एक स्टेशन उठायचं आणि पुढच्याला विचारायचं, "दादर उतरणार का?" तो "हो" म्हणाला तर त्याच्या मागे उभं राहायचं, "नाही" म्हणाला तर जागा बदलायची. फलाट कोणत्या बाजूला येईल हेही त्यालाच विचारा, लोक आनंदाने सांगतात. चालत्या गाडीत चढायचं-उतरायचं नाही, रूळ ओलांडायचे नाहीत. लहान मुलं किंवा वयस्क माणसं बरोबर असतील तर एसी लोकल बघा. तिकीट खिडकीवर एक, तीन आणि पाच दिवसांची टुरिस्ट तिकिटंही मिळतात. रोज चार-पाच वेळा चढउतार होणार असेल तर रांगांतून सुटका होते.

आणि वार बघा. सोमवारी घारापुरीची लेणी, कान्हेरी आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान बंद. बुधवारी राणीची बाग आणि तिच्याच आवारालगतचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाला रांग लांब. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद, बहुधा दुपारच्या तासांत; आदल्या दिवशीच्या बातम्यांत मार्ग आणि वेळा दिलेल्या असतात. पण रविवारची एक मोठी जमेची बाजू आहे. फोर्टातली ऑफिसं बंद असतात, रस्ते रिकामे, आणि इमारतींकडे मान वर करून बघत चालता येतं.

सीएसएमटी आणि फोर्ट: एक अख्खा दिवस

ही सुरुवात मी कुणालाही सुचवतो. स्टेशनातून बाहेर पडून रस्त्याच्या पलीकडे जा आणि मागे वळून बघा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेली ही इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली, २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. समोरचं महापालिकेचं मुख्यालयही त्याचंच. स्टेशनाच्या घुमटावर हातात मशाल घेतलेली पुतळी आहे, खाली भिंतींवर मोर, माकडं, पानंफुलं कोरलेली आहेत. पाच मिनिटं शांत उभं राहून ती शोधा.

मग पोट. स्टेशनासमोरच्या 'आराम'मध्ये वडापाव घ्या, किंवा धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळच्या 'कयानी'मध्ये जा. हे इराण्याचं दुकान १९०४ पासूनचं. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्च्या, काचेच्या बरण्या. ब्रुन मस्का मागवा. ब्रुन म्हणजे कडक कवचाचा पाव. तो चहात बुडवून खायचा असतो, कोरडा चावला तर टाळू सोलून निघते. मांसाहारी असाल तर खिमा-पाव.

तिथून हुतात्मा चौकात या. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, पण मराठी माणसाने थांबायचं ते शेजारच्या स्मारकापाशी. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथेच संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला होता. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार हे त्या अख्ख्या चळवळीतल्या १०६ हुतात्म्यांचं स्मारक. मुलांना घेऊन गेलात तर ही गोष्ट तिथेच उभं राहून सांगा.

पुढे ओव्हल मैदान. या मैदानाच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडे बघणं ही मुंबईतली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि २८० फुटांचा राजाबाई टॉवर, सगळे एकोणिसाव्या शतकातले, टोकदार कमानींचे. टॉवरला पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, नाव त्यांच्या आईचं. पश्चिमेला मात्र १९३०-४० च्या दशकांतल्या गोलसर कोपऱ्यांच्या, जहाजासारख्या बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मधे मैदानात क्रिकेटचे दहा डाव एकाच वेळी चाललेले असतात, आणि एकाचा चेंडू दुसऱ्याच्या स्लिपमध्ये गेला तरी कुणाचं काही अडत नाही.

दुपारच्या जेवणाला दोन मार्ग आहेत. बॅलार्ड इस्टेटमधलं 'ब्रिटानिया', १९२३ पासूनचं पारशी-इराणी. बेरी पुलाव मागवा, वरची ती छोटी आंबटगोड लाल बेरी हीच त्याची खूण. ते प्रामुख्याने दुपारच्या जेवणाचं ठिकाण आहे, साडेबाराच्या आत पोचलात तर बरं. मासे हवे असतील तर फोर्टातलं 'महेश लंच होम', मंगळुरी पद्धतीचं. तिथे गस्सी, म्हणजे नारळाच्या वाटणातला रस्सा, आणि नीर डोसा. खिशाला चांगलीच झळ बसते, हे आधी धरून चाला.

दुपारी काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९२२ मध्ये उघडलेलं, जॉर्ज विटेटने बांधलेलं, गेटवेही त्याचाच. सगळी दालनं एका दमात बघायचा हट्ट नको. शिल्पदालन आणि लघुचित्रं बघा, बाकीचं पुढच्या फेरीला. बाहेर पडल्यावर जहांगीर आर्ट गॅलरीत डोकावा, तिथे पैसे लागत नाहीत. मग गेटवे, आणि सूर्य उतरायच्या वेळी चर्चगेटहून मरीन ड्राइव्ह. कठड्यावर बसा. चर्चगेटजवळ 'के. रुस्तम'मध्ये दोन पातळ वेफरच्या मधे आइस्क्रीमचा जाड काप मिळतो. तो हातात घेऊन चौपाटीपर्यंत चालायचं म्हटलं तर वाटेत वितळतो, तिथेच संपवा.

सीएसएमटीहून उत्तरेला पायी: क्रॉफर्ड मार्केट ते मिनारा मशीद

हा बेत दुपारी चारनंतरचा. महात्मा फुले मंडई म्हणजे जुनं क्रॉफर्ड मार्केट, १८६९ चं. दारावरच्या कोरीव पट्ट्या लॉकवुड किपलिंगच्या हातच्या. समोर 'बादशाह', १९०५ पासूनचं, तिथला फालुदा. तो अर्धा-अर्धा करा, कारण पुढे बरंच खायचंय.

शाकाहारी मंडळींनी इथून काळबादेवीकडे वळावं. गल्लीबोळातून वर चढून जायचं 'श्री ठाकर भोजनालय', १९४५ पासूनचं. गुजराती थाळी. फरसाण, दोन-तीन भाज्या, कढी, मऊसूत फुलके आणि वाढणाऱ्यांचा आग्रह. ताटावर आडवा हात धरल्याशिवाय ते थांबत नाहीत.

मांसाहारींनी मोहम्मद अली रोडने सरळ जावं. मिनारा मशिदीच्या गल्लीत सुलेमान उस्मान मिठाईवाल्याकडे मालपुवा, फिरनी आणि अफलातून. भेंडीबाजारात 'नूर मोहम्मदी', १९२३ पासूनचं. नळी निहारी संपायच्या आधी पोचा. बोहरी मोहल्ल्यात 'ताज आइस्क्रीम', १८८७ पासूनचं. लाकडी पिंपात, बर्फ-मिठाच्या वेढ्यात हाताने फिरवून केलेलं असतं, सीताफळाच्या दिवसांत सीताफळाचंच घ्या. रमजानमध्ये या भागाला रात्रभर जाग असते आणि खाण्याची दुकानं रस्त्यावर येतात. तेव्हा जायचं तर इफ्तारची घाई ओसरू द्या, नऊनंतर जा. गाडी अजिबात नेऊ नका. उतरायला मशीद किंवा सँडहर्स्ट रोड स्टेशन जवळ. दिवसभर उपास केलेली माणसं जेवत असतात, त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये.

दादर: मराठी खाण्याचं माहेर

दादरला दोन वेळा जावं, एकदा पहाटे आणि एकदा जेवायला. पहाटे फुलबाजार बघा. झेंडूच्या पोत्यांवर पोती, शेवंती, मोगऱ्याचे गजरे, हमालांची "बाजू, बाजू" अशी हाळी. गणपतीच्या आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते, एरवी सहा-सात वाजता मजेत हिंडता येतं.

वडापावचा जन्म दादरचा मानतात. १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी स्टेशनाबाहेर गाडी सुरू केली असं सांगतात. आता तुलना करायची तर स्टेशनाजवळच्या छबिलदास गल्लीतला श्रीकृष्णचा वडा आणि प्रभादेवीच्या बाजूचा कीर्ती कॉलेजचा वडा. श्रीकृष्णचा वडा मोठा, तो नुसता खायचा. कीर्तीच्या वड्याला सोबत चुरा मिळतो, म्हणजे कढईत सांडलेल्या बेसनाचे कुरकुरीत थेंब. वडा पावात घालून, सुकी लसणीची चटणी भरून, वर चुरा दाबून कागदात देतात. तो हातात पडल्या पडल्या खायचा. पार्सल नेलात तर चुरा मऊ पडतो आणि सगळी गंमत जाते.

बसून खायला शिवसेना भवनासमोर 'आस्वाद'. मिसळीचं तिथे नाव झालंय, २०१५ मध्ये लंडनच्या एका स्पर्धेत ती जगातली उत्तम शाकाहारी डिश ठरली होती. माझं मत विचाराल तर कोल्हापूर-नाशिककडच्या माणसाला ही मिसळ सौम्य वाटेल. त्यांनी थालीपीठ, कोथिंबीर वडी आणि दिवस असतील तर उकडीचा मोदक मागवावा. तिथून जवळच 'प्रकाश'. साबुदाणा वडा आणि पियुष या दोन गोष्टींसाठी लोक रांग लावतात, आणि ती रांग सार्थकी लागते. वडा बाहेरून खरपूस, आतून साबुदाणा मोकळा. पियुष चमच्याने खावं इतकं दाट. दोन्ही संपवून वर चहा मागू नका, तोंडातली केशर-जायफळाची चव पुसली जाते.

मासे खायचे तर दादरला 'सिंधुदुर्ग' आणि 'चैतन्य', दोन्ही मालवणी. इथे एक पदार्थ चुकवू नका, दाबलेले बोंबील. ओला बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच. तो मधे चिरून, उलगडून, वजनाखाली ठेवून पाणी काढतात, मग हळद-तिखट-आगळ लावून तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तळतात. चांगला जमलेला बोंबील ताटात ताठ राहतो आणि तोंडात टाकला की विरघळतो. काटासुद्धा चावून खाता येतो. गार झाला की लगेच लोळतो. म्हणून सगळ्यांचं एकदम मागवू नका, एकेक प्लेट गरम येऊ द्या. बरोबर भाकरी किंवा वडे, आणि सोलकढी जेवणाच्या शेवटी भातावर.

जेवून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एक फेरी मारा. तिथून पुढे समुद्राकडे चैत्यभूमी. ६ डिसेंबरच्या आसपास लाखो माणसं दर्शनाला येतात, त्या दिवसांत दादरला फक्त त्यासाठीच जावं.

माटुंगा: सकाळच्या नाश्त्याला

इथे एक सावधगिरी. माटुंगा रोड हे पश्चिम रेल्वेवरचं, माटुंगा हे मध्य रेल्वेवरचं. खाण्यासाठी जवळ पडतं ते दुसरं. २०१७ पासून हे स्टेशन पूर्णपणे महिला कर्मचारी चालवतात, भारतीय रेल्वेतलं असं पहिलं.

पूर्वेला उतरून 'राम आश्रय', १९३९ पासूनचं. इथला शिरा रोज वेगळ्या फळाचा किंवा चवीचा असतो, फळ्यावर वाचा. रविवारी सकाळी बाहेर नाव देऊन ताटकळावं लागतं. साध्या वारी सातला गेलात तर सरळ टेबल मिळतं. किंग्ज सर्कलकडे 'कॅफे मद्रास', १९४० चं. रसम-वडा आणि फिल्टर कॉफी. हे सोमवारी बंद. दुपारी जेवायचं असेल तर स्टेशनालगतचं रामा नायकांचं 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग', १९४२ चं. केळीच्या पानावर जेवण, पानातलं टाकायचं नाही हा तिथला शिरस्ता. तेही सोमवारी बंद. म्हणून माटुंगा सोमवारी नको. खाणं झालं की फाइव्ह गार्डन्स आणि पारशी कॉलनीतून दादरपर्यंत चालत या. मुंबईत इतकी सावली फार थोड्या रस्त्यांवर उरलीय.

भायखळा, लालबाग, गिरगाव: अर्धा-अर्धा दिवस

भायखळ्याला पूर्वेला उतरून भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ मध्ये उघडलेलं शहरातलं सर्वात जुनं. जुन्या मुंबईच्या मातीच्या छोट्या मूर्ती, धंदे, वेशभूषा यांची दालनं फार सुंदर. मुलांसाठी शेजारी राणीची बाग. तिथून करी रोडला या, लालबाग. हे गिरणगाव. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर एकेक भोंगा बंद झाला, पण चाळी, चिवडा गल्ली आणि मिरची गल्ली टिकून आहेत. मार्च ते मे मधे मिरची गल्लीत शिरलात तर शिंका आवरणार नाहीत. बायका किलोकिलोने बेडगी, संकेश्वरी, पांडी निवडून तिथेच भाजून-कुटून नेतात. जवळ 'लाडू सम्राट'. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, आणि घरी न्यायला लाडू.

गिरगावात मेट्रोने उतरा. खोताच्या वाडीतली लाकडी जिन्यांची, नक्षीदार कठड्यांची घरं बघा. लोक तिथे राहतात, हळू बोला, दारात शिरू नका. केशवजी नाईकांच्या चाळीत मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ मध्ये झाला. 'विनय हेल्थ होम'ची मिसळ आणि पणशीकरांचं पियुष झालं की टॅक्सीने वाळकेश्वरला बाणगंगा. उंच इमारतींच्या मधे दगडी पायऱ्यांचं ते जुनं तळं, शिलाहार काळापासूनचं. तिथे दुपारी जाऊ नका, दगड तापतो. संध्याकाळी जा.

वांद्रे आणि त्यापुढे

वांद्र्याला पश्चिमेला उतरून माउंट मेरी, रानवर गाव आणि किल्ल्याचा बुरूज. सागरी सेतू तिथून छान दिसतो. हिल रोडवर एल्कोची पाणीपुरी. मासेच हवे असतील तर पूर्वेला 'हायवे गोमांतक', किंवा पुढे पार्ल्यात 'गजाली'. जुहू चौपाटी मी माझ्या यादीत धरत नाही. गर्दी खूप, आणि भेळ-पाणीपुरी शहरात अनेक ठिकाणी तिथल्याइतकीच चांगली मिळते.

बोरिवलीला मात्र एक सकाळ नक्की द्या. पूर्वेला दहा मिनिटांवर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं दार, तिथून कान्हेरीपर्यंत सहा-सात किलोमीटर. उद्यानाची बस मिळते, सायकलही भाड्याने मिळते. शंभराहून जास्त लेणी आहेत, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून हजार वर्षं कोरत गेलेली. क्रमांक ३ चा चैत्य आणि त्याच्या ओसरीतल्या उंच बुद्धमूर्ती सगळेच बघतात. त्यापुढे चढत जा. बहुतेक विहारांबाहेर पाण्याची पोढी, म्हणजे कातळात खोदलेलं टाकं, आहे, कातळात पन्हळी खोदून पावसाचं पाणी टाक्यात नेलंय. एका लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीत पारशी पाहुण्यांची नावं कोरलेली आहेत, १००९ आणि १०२१ सालची. हजार वर्षांपूर्वीही माणसं इथे खास बघायला येत होती. पाणी जवळ बाळगा, खाऊ पिशवीत बंद ठेवा. माकडं हातातून ओढून नेतात. पावसाळ्यात इथले ओहोळ फार देखणे, पण कातळ निसरडा, चांगले बूट घाला.

समुद्र, भरती आणि मोसम

घारापुरीला गेटवेहून लाँच जाते, साधारण तासाभराचा प्रवास. सकाळची पहिली किंवा दुसरी पकडा. उतरल्यावर शंभरावर पायऱ्या आहेत, वयस्कांना डोली मिळते. त्रिमूर्तीसमोर, म्हणजे सदाशिवाच्या त्या सुमारे २० फुटी मुखांसमोर, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. मग बाजूची अर्धनारीश्वर आणि गंगावतरणाची शिल्पं उजळतात. बेटावरचं खाणं यथातथाच, परतून फोर्टात जेवा. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद होतात, आणि गेटवेहून मांडव्याची सेवाही तेव्हा नसते.

हाजीअलीला जायच्या आधी भरतीची वेळ बघा. भरतीला दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशी मरीन ड्राइव्ह आणि वरळीच्या कठड्यापासून लांब राहा, लाटा माणसाला आत ओढतात. महापालिका त्या तारखा आधी जाहीर करते.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत हॉटेलात मिळणारा पापलेट किंवा सुरमई बहुधा बर्फातली. तेव्हा खाडीची मासळी, सुकट, सुका जवळा, सुके बोंबील मागवा. ताजे मासे खायला नारळी पौर्णिमेनंतर या. कोळणींचा लिलाव बघायचा असेल तर कुलाब्याचा ससून डॉक, पहाटे पाचला. जुने बूट घालून जा, आणि फोटो काढायच्या आधी तिथल्या लोकांना विचारा.

एक दिवस शिल्लक राहिला तर विरारच्या लोकलने वसई. वसई रोडहून किल्ल्यापर्यंत बस किंवा रिक्षा. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेला हा कोट आतून एक अख्खं पडकं गाव आहे, चर्च, मठ, बुरूज, आणि मधेच वाढलेली ताडाची झाडं. सकाळी लवकर जा, आत सावली कमी आणि खायला काही नाही. परतताना वसईच्या बाजारात सुकेळी विचारा, उन्हात वाळवलेली सोनेरी केळी. मिळाली तर दोन पुडे घ्या, पंधरा दिवस टिकतात.